वरून खाली की आडवं

दाजी, तुमचा शेवटचा निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे. मागं टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची घरघर चालू आहे, मधेच कुणीतरी "पेंटर, माझी नंबरप्लेट?" म्हणून विचारतंय, त्याला तुम्ही "बस की जरा" म्हणता, आणि मग मला म्हणता, "काय मेवणं, साऱ्या मांजरसुंब्याचा अभिप्राय आला. टायरवाल्याचा आला, रसवंतीवाल्याचा आला. तुजा तेवढा राहिलाय. फोनवर नको सांगू. दिवाळीला आल्यावर समोर बसून सांग. पर सांग."

तुम्ही दिवाळीपर्यंत थांबला नाहीत. तरी अभिप्राय द्यायचा आहेच, म्हणून लिहायला बसलो.

दुसरंही एक कारण आहे. परवा आक्काचा फोन आला. आपलं चित्रकथेचं पुस्तक संपलं, लोक मागतायत, बीडचे प्रेसवाले दुसऱ्यांदा छापायला तयार आहेत. पण ते विचारतायत की पानं आहेत तशीच ठेवायची की बदलायची. शेवटी थोडी जागा मोकळी राहील, तिथं पेंटरबद्दल कुणीतरी दोन शब्द लिहा, असंही म्हणाले. मी आक्काला म्हणालो, "तूच ठरव." तर ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. चित्रं त्यांची, बोलणं तुजं. तू सांगशील तसं करू." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. ती आजकाल फोन लवकर ठेवते.

तेव्हापासून मी त्या पानांभोवती फिरतोय. तुम्हाला माहीत आहे माझा स्वभाव. खोलीला कुलूप लावून जिना उतरलो तरी परत वर जाऊन कुलूप ओढून बघणारा माणूस मी. आणि ही गोष्ट तर कुलपाची नाही. आपलं सगळ्यात मोठं भांडण याच गोष्टीवरून होतं, आणि ते मिटायच्या आधी तुम्ही उठून गेलात.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मला पहिल्यापासून सांगू द्या. ज्यांच्या हातात हे पुस्तक नव्यानं पडेल त्यांनाही कळलं पाहिजे.

मी बंगळूरच्या पुढं होसकोट्याला पार्सलच्या गोदामात लागलो, तेव्हा पहिल्या पावसाळ्यात दिवसच्या दिवस तोंड उघडत नव्हतो. पार्सल उचला, त्याच्यावरची पट्टी मशीनला दाखवा, खोक्यात टाका. याला बोलायचं काय काम. मुकादम कन्नडमध्ये ओरडायचा, बाकीचे हिंदीत हसायचे, आणि माझी नववीत सुटलेली शाळा मला दोन्हीकडं पुरत नव्हती. आक्काला मी सांगायचो, बरं चाललंय. तिला ते पटायचं. तुम्हाला पटलं नाही. एक दिवस तुम्ही फोन करून म्हणालात, "एक खेळ पाठवतो. टाकून घे फोनात." मी म्हणालो, दाजी, मला खेळायला वेळ नाही. तुम्ही म्हणालात, "खेळायला कोण सांगतंय बे. कान-माईक चालू ठेव आन् बोल. एवढंच काम हाय तुजं."

मग रोजचंच झालं. माझी पहिली पाळी सुटायची, तेव्हा तुमच्या दुकानावर दुपारची सुस्ती असायची. तुम्ही त्या पत्र्याच्या खोक्यात, रेडियमच्या चमकत्या कागदांच्या गुंडाळ्यांना टेकून बसलेले. शेजारच्या बॅटरीच्या दुकानातून गोरख यायचा. चौथा गडी खेळच पाठवायचा, कुठला कोण असेल तो. एक माळरान, एक पडकी वस्ती, बंदुका, आणि भोवतीनं लहान लहान होत येणारं एक निळं रिंगण. रिंगणाच्या आत राहायचं, मरायचं नाही. मला त्यातलं काही जमायचं नाही. मी फक्त औषधाचे डबे गोळा करायचो आणि ज्याला लागलं त्याच्यापुढं नेऊन ठेवायचो. आणि बोलायचो. "सांभाळून, दाजी. गोरखभाऊ, सांभाळून. तिकडं कुणीतरी हाय, सांभाळून." गोरख वैतागून म्हणाला होता, "ह्याला तोफ द्या न्हाईतर दवाखाना काढून द्या." तुम्ही माझं खेळातलं नावच 'सांभाळून' असं ठेवलं.

त्या खेळामुळं मी माणसात राहिलो, दाजी. हे तुम्हाला तोंडावर कधी बोललो नाही. मेहुण्यानं दाजीला असलं काही बोलायचं नसतं, आपल्यात फक्त टिंगल चालते.

चित्रं तुम्ही कधी काढायला लागलात ते मला नीट आठवत नाही. एक दिवस फोनवर आलं, उभ्या पट्टीत, एकाखाली एक सहा चौकटी, बोटानं काढलेल्या. ब्लेडनं रेडियम कापणाऱ्या माणसाची रेघ होती ती. जाड, गोल, मधे कुठं थांबलेली नाही. गोरखचा शेठ झाला होता, पोट पुढं आणि बंदूक मागं. तुमचा पेंटर. माझा सांभाळून, मान सारखी वळलेली. आणि चौथा म्हणजे पाहुणा. दर वेळी नवा, आणि दर वेळी पहिला मरणारा. फुग्यातलं बोलणं मात्र तुम्ही मनानं लिहिलं नव्हतं. आपण खेळताना जे बोललो तेच, जसंच्या तसं. मी घाबरलो. म्हणालो, "दाजी, लोक हसतील आपल्या बोलण्याला." तुम्ही म्हणालात, "मग कशासाठी काढलंय? रडायसाठी?"

'एक जीव शिल्लक' असं नाव देऊन तुम्ही ते इंटरनेटवर टाकायला लागलात. आठवड्याला एक. गेवराईची पोरं वाचायला लागली, अंबाजोगाईच्या कॉलेजातली, पुण्याला कंपनीत गेलेली. खाली लिहायची, शेठला एकदा तरी जिंकू द्या. पाहुण्याला न्याय द्या. सांभाळूनला मारा, लई बोर करतो. हे शेवटचं मला लागलं, तर तुम्ही पुढच्याच आठवड्यात पेंटरच्या तोंडी वाक्य घातलंत, "त्याला मारलं तर औषध कोण देईल, तुजा मामा?" ते मात्र माझं वाक्य नव्हतं. ते तुमचं होतं.

मग पुस्तकाचं खूळ निघालं. मी म्हणालो, फोनवर फुकट दिसतंय, कागदावर कावून? तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी विसरणार नाही. म्हणालात, "दत्ता, मी काढलेलं एकबी काम माज्याजवळ न्हाई. सगळी गाड्यांच्या मागं हायत. गाडी निघाली की माजं काम निघालं, सोलापूरला जातंय, हैदराबादला जातंय, कुटं गेलं देव जाणे. फोनवरचंबी तसंच, बोटानं वर ढकललं की गेलं. एक तरी काम जागेवर राहू दे."

मी हो म्हणालो.

पुस्तक आलं. पहिल्या पानावर तुमचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात, 'बोलणं : दत्ता'. माझं नाव रेशनकार्डावर आहे, गोदामाच्या हजेरीवर आहे. पुस्तकावर येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हणालो असतो. माझ्या शेजारच्या खाटेवर ओडिशाचा एकजण आहे, त्याला मराठी येत नाही. त्यानं नुसती चित्रं बघत पुस्तक संपवलं, एका पानावर बोट ठेवून म्हणाला, "ये तू है ना?" मी विचारलं, कशावरून. त्यानं माझ्यासारखी मान वळवून दाखवली.

आता त्या घोटाळ्याकडं येतो, ज्याच्यावरून आपलं वाजलं.

प्रेसवाल्यांनी कागद वाचवायला एका पानावर दोन उभ्या पट्ट्या बसवल्या. डावीकडं वरून खाली तीन चौकटी, मग उजवीकडं वरून खाली तीन. तुम्ही बघून हो म्हणालात. तुमच्या डोक्यात शंकाच आली नाही. तुमची सगळी हयात ट्रकच्या पाठीवर गेली. तिथं वर देवाचं नाव, मधे मुलांची नावं, खाली शेर. मागच्या गाडीतला माणूस वरून खालीच वाचतो. आणि फोनवर वाचणारी पोरंही बोटानं वर ढकलत वरून खालीच वाचतात. मीही तसंच वाचलं.

पण पुस्तक तुम्ही फोनवाल्यांसाठी छापलं नव्हतं. तुम्ही त्याला कोपऱ्यात भोक पाडून, सुतळी ओवून, चौकातल्या बशीरचाचांच्या ढाब्यावर गल्ल्याशेजारी टांगलं. चाचांनी नियम काढला की जो वाचेल त्यानं अभिप्राय द्यायचा, आणि अभिप्राय दिल्याशिवाय त्याला बडीशेप मिळायची नाही. जेवण झालं, हात धुतला, गडी गल्ल्यासमोर आला, की चाचा फोन त्याच्या तोंडापुढं धरायचे. "बोलो मियाँ. किताब कैसी लगी? खरं बोला, बडीशेप सगळ्यांना सारखीच हाय."

ते सगळे निरोप तुम्ही मला पुढं पाठवायचात. कामावरून खोलीकडं चालायला लागल्यावर मी कानात घालून ऐकायचो. मागं ताटल्यांचा आवाज, आणि कुठल्यातरी ड्रायव्हरचा घसा. एकजण म्हणाला, खेळात गोळ्या घालता, डिझेल कुठं भरता ते दाखवा. एकजण म्हणाला, निळं रिंगण म्हणता आणि चित्र तर काळं-पांढरं, आम्ही कुठं बघायचं रिंगण? ते बरोबरच होतं. गेवराईची एक बाई लेकाला परीक्षेला सोडायला निघाली होती. तिनं लेकाकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "ही पोरं जेवत्यात कवा?" युसूफ वडगावच्या एका निवृत्त गुरुजींनी मात्र बोलून नाही, लिहून पाठवलं. भाषा गावंढळ, शुद्धलेखनाची दशा, विषय वाया गेलेल्या पोरांचा, तरी दोनदा वाचलं. मला ते झोंबलं. तुम्ही म्हणालात, "दोनदा वाचलं म्हणतोय गडी. बास की."

आणि मग भाकरीचं पान आलं.

त्या पानात शेठ कडब्याच्या गंजीमागं लपतो, त्याला गोळी लागते, "मेलो गं बाई" म्हणून तो पडतो. ही डावी पट्टी. उजवीकडं त्याच्या घरी बायको दारातून हाक मारते, "मेला असाल तर भाकरी खाया या." तो बसून भाकरी खातो, आणि पुन्हा फोन उचलून म्हणतो, "आलो, आलो." बायकोचं तोंड तुम्ही आक्काचं काढलं होतंत. आक्काचा अभिप्राय मला पाठ आहे, "माज्या भाकरी इतक्या गोल कवा झाल्या होत्या?"

चाचांचा निरोप आला त्यात पाच-सहा जण एकाच वेळी हसत होते. एक वयस्क आवाज कुणालातरी समजावून सांगत होता, "आरं तसं न्हाई. बायकोनं हाक मारली, मग गोळी लागली, तरी गडी मेला न्हाई. गडी बसला, भाकरी खाल्ली, आन् मग मेला. गोळीनं न्हाई, भाकरीनं मेला." चाचा मागून म्हणत होते, "पेंटर, तेरी जोरू को बोल मत ये बात."

मला आधी काही कळलं नाही. मग मी पुस्तक काढून बघितलं आणि लक्षात आलं. लोक आडवं वाचत होते. डावीकडची पहिली चौकट, मग उजवीकडची पहिली, मग दुसऱ्या ओळीत. शाळेचं पुस्तक वाचलेला माणूस असाच वाचणार. सगळं पुस्तक त्यांनी असंच वाचलं होतं, आणि कुणालाही काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. मेलेला माणूस पुढच्या चौकटीत बिडी ओढतो, त्यांना चाललं. त्यांनी ठरवून टाकलं होतं की खेळच तसा आहे, यात माणसं जाऊन येऊन असतात.

मी हसून हसून खाटेवर आडवा झालो. तुम्ही हसला नाहीत.

"एवढी मेहनत केली ती काय उलटी वाचायला?"

"उलटी न्हाई दाजी, आडवी."

"तुला मजा वाटती. माजं चित्र मोडलं त्यात."

"मोडलं कुठं. त्यांनी जोडलं की. भाकरीचा जोक तुमच्यापेक्षा त्यांचा भारी हाय."

"मग त्यांनाच म्हण जा दाजी," असं म्हणून तुम्ही फोन ठेवला होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमचाच फोन. बाण काढू का प्रत्येक पानावर, म्हणून विचारलंत. मी म्हणालो, बाण काढले तर रस्त्यावरची पाटी होईल. तुम्ही म्हणालात, मी पाट्याच काढतो. बरेच दिवस हे चाललं. पुढं पुढं तुम्हीही चाचांच्या निरोपांना हसायला लागलात, फक्त मला कळू देत नव्हतात. पण एका पानावर तुम्ही शेवटपर्यंत हटला नाहीत, आणि मीही हटलो नाही.

शेवटचं पान.

डावीकडं वर चौघं टेकडीवर उभे. रिंगण आवळत आलंय. पेंटर म्हणतो, "एकानं मागं थांबाय लागंल." त्याच्याखाली पेंटर एकटा, हात वर केलेला. त्याच्याखाली नुसतं त्याचं नाव, खेळात गडी गेला की फिकं पडतं तसं फिकं पडलेलं. उजवीकडं वर बाकीचे तिघं खाली ओढ्यात पोचलेत, शेठ मोजतोय. मधल्या चौकटीत सांभाळून मान वळवून मागं बघतो. त्याचा चेहरा तेवढा दिसतो, टेकडी काढलेली नाही. आणि शेवटी तो औषधाचा डबा वाटेवर ठेवून देतो.

पोरांनी खाली लिहिलं होतं की पाहुणा पहिल्यांदाच वाचला आणि पेंटरला मारला, हा अन्याय आहे. ते जाऊ द्या. तुमच्या वळणानं वाचलं तर नाव फिकं पडतं, मग सांभाळून बघतो. म्हणजे बघतो तेव्हा मागं कुणी नसतं. आडवं वाचलं तर पेंटरनं हात वर केलाय आणि त्याच्या शेजारच्याच चौकटीत सांभाळूननं मान वळवलीय. दोघं एकमेकांकडं बघतात. नाव नंतर फिकं पडतं. ढाब्यावर या पानाला कुणी हसलं नव्हतं. तो वयस्क आवाज पुन्हा होता त्या निरोपात, जरा खाली आलेला. म्हणाला, "चला, गाठ तरी पडली."

मी तुम्हाला म्हणालो, दाजी, हेच बरोबर आहे. हे असंच ठेवा. तुम्ही म्हणालात, "न्हाई. तो उशिरा बघतो. मी उशिराच बघायला लावलाय त्याला." मी म्हणालो, कावून पर? एवढं काय वाईट केलं त्यानं? तुम्ही म्हणालात, "वाईट कशाला करायला पाहिजे. असंच असतंय ते. तू पुस्तक नीट वाच आन् मग सांग."

म्हणून माझा अभिप्राय राहिला होता.

मग तुम्हाला ताप आला. आक्का म्हणाली, साधाच आहे. तुम्ही दवाखान्यातून फोन केलात, आवाज जरा बसलेला, आणि उलट मलाच विचारलंत जेवलास का. मी म्हणालो, येऊ का? तुम्ही म्हणालात, "कशाला? खाडा कशाला पाडतो? चार दिवसांत दुकानावर बसतो." मला चैन पडेना. निघालो. पण रेल्वे कुठंतरी सोलापूरच्या अलीकडं असताना अनोळखी नंबरवरून फोन आला आणि पलीकडं गोरख होता. त्यानं पहिल्यांदाच मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारली. अजूनही अनोळखी नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवतो.

मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. लोक घरी परतून आंघोळी करून बसले होते. मी माळावर जाऊन उभा राहिलो, तिथं राख होती आणि एक कुत्रं होतं. काय बघायचं ते कळेना म्हणून सारखी मान वळवत राहिलो.

दहावा करून परत निघालो, तेव्हा गाडीला वेळ होता म्हणून चौकात ढाब्यावर गेलो. पुस्तक सुतळीला लोंबत होतं. कडा काळ्या पडल्यात, भाकरीच्या पानावर खरंच भाजीचा डाग आहे. तुमच्या दुकानाला कुलूप. समोरून एक ट्रक गेला, त्याच्या मागं तुमच्या हातची अक्षरं होती. मला लगेच ओळखू आली, तो 'श्री' काढायची तुमची एक तऱ्हा आहे, शेपूट लांब ओढायची. वळण घेईपर्यंत मी बघत होतो. चाचांनी मला बसवून जेवू घातलं, मी खाल्लं का नाही ते आठवत नाही. हात धुऊन गल्ल्यापाशी आलो. फोन खिशातच होता त्यांच्या. मूठभर बडीशेप माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटून धरली.

त्या दिवसापासून मला वाटत होतं, प्रेसवाल्यांना सांगून टाकावं की शेवटचं पान आडवंच करा. पक्कं आडवं, कुणाला वेगळं वाचताच येऊ नये असं. कोण अडवणार आहे? तुम्ही नाही, आक्काला त्यातलं कळत नाही. सांभाळूनची आणि पेंटरची गाठ पडू दे. निदान कागदावर पडू दे. मी प्रेसवाल्यांना तसं लिहिलंही, पण पाठवायच्या आधी, कुलूप ओढून बघतो तसं, पुस्तक पुन्हा काढून बघितलं. जेवणाच्या सुट्टीत, पार्सलांच्या मागं बसून. बोट ठेवून ठेवून, वरून खाली.

आणि मला तुमची चौकट दिसली, दाजी. पेंटर हात वर करून उभा आहे ना, त्या हाताचा तळवा माझ्याकडं आहे, बोटं पुढं ढकलल्यासारखी झुकलेली. मी आजवर समजत होतो की तो निरोपाचा हात आहे. तो तसा नाही. चौकात गाडीला 'जाऊ दे, जाऊ दे, थांबू नको' म्हणून दाखवतात तसा तो हात आहे. तुम्ही दुकानातून दिवसभर गाड्यांना तोच हात दाखवत होतात. त्याला सांभाळूननं बघायलाच नको होतं. बघितलं असतं तर तो थांबला असता, डबा घेऊन परत वर चढला असता, आणि रिंगण दोघांवर आलं असतं.

तसा फोनवरचा तुमचा आवाजही होता. खाडा कशाला पाडतो.

तर आता प्रेसवाल्यांना वेगळं कळवलंय. एका पट्टीत, एकाखाली एक, तुमच्या वळणानं. पानं वाढतील, वाढू देत. शेवटचं पान तुम्हाला पाहिजे तसंच छापलं जाईल आणि सांभाळून उशिराच बघेल. फक्त भाकरीचं पान मी होतं तसं दोन पट्ट्यांत ठेवायला सांगितलंय. ते आता तुमचं राहिलेलं नाही, बशीरचाचांच्या गिऱ्हाइकांचं झालंय. रागवायचं असेल तर रागवा. ढाब्यावरचं जुनं पुस्तकही काढू नका असं चाचांना सांगितलंय. ते म्हणाले, "पागल हुआ क्या, मैं कायको निकालूँ?" ज्यांना गाठ पडायला पाहिजे त्यांची तिथं पडत राहील.

कान-माईक अजून लावत नाही मी. गोरख म्हणतो, ये की, एक जागा मोकळी आहे, पाहुणा कोणतरी येईलच. म्हटलं, येईन. इथं आता थोडं कन्नड बोलतो मी, मुकादमालासुद्धा परवा म्हणालो, सांभाळून. त्याला कळलं.

आणि हा माझा अभिप्राय. समोर बसून द्यायचा होता, तो इथं देतो.

पुस्तक वाचलं. गुरुजींसारखं दोनदा नाही, पुष्कळदा. बोलणं बरं उतरलंय, आपलंच वाटतं. शेठचं पोट पान-पानाला वाढतंय, ते गोरखला अजून कळलेलं नाही. आक्काच्या भाकरी खऱ्यापेक्षा गोल आहेत. शेवटच्या पानावरून तुमच्याशी भांडलो ते मागं घेतो, तुमचंच बरोबर होतं. एकच गोष्ट चुकलीय. शेवटच्या चौकटीत सांभाळून वाटेवर औषधाचा डबा ठेवतो, तो तुम्ही फार लहान काढलाय. मोठा काढायला पाहिजे होता, दाजी. टेकडीवरून दिसेल एवढा.